इको झाला, मग सीटी कशाला?

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रं या वेळी जन्मजात हृदयदोषांच्या तपासण्यांबद्दल होती. दर १००–१२० बाळांमागे साधारण एकाला असा काही ना काही दोष असतो, त्यामुळे पत्रांची संख्या पाहून आश्चर्य वाटलं नाही. बहुतेकांचं कोडं सारखंच आहे: एक तपासणी झाली की दुसरी सांगतात, ती खरंच लागते का? प्रत्येक मशीन एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर देतं. म्हणून चिठ्ठी हातात पडली की डॉक्टरांना आधी एवढंच विचारा, ‘यातून नेमकं काय कळणार आहे, आणि ते कळल्यावर उपचारात काय बदलणार आहे?’ पुढची उत्तरं याच धाग्याने वाचावीत.

प्रश्न : माझा नातू तीन महिन्यांचा आहे, वजन ५ किलो. साताऱ्यात टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला, त्यात महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य धमनी) अरुंद असल्याचं लिहिलंय. आता सीटी स्कॅन सांगितलाय. इको नीट झाला नाही का? आणि एवढ्याशा जिवाला रेडिएशन कसं चालेल? (एक आजोबा, कोरेगाव)

इको अगदी नीट झालेला असू शकतो आणि तरीही सीटी लागू शकतो. इकोच्या ध्वनिलहरी हवेतून आणि हाडातून पलीकडे जात नाहीत. हृदयाचे कप्पे, पडदे आणि झडपा बरगड्यांच्या फटीतून किंवा पोटाच्या वरच्या बाजूने छान दिसतात. महाधमनी मात्र वर जाऊन कमान घेते आणि फुप्फुसांच्या आड, पाठीच्या कण्याजवळून खाली उतरते. ती बहुधा डाव्या हाताची रक्तवाहिनी फुटते त्याच्या लगेच पुढे अरुंद झालेली असते. इकोत ही जागा गळ्याखालच्या खाचेत प्रोब (मशीनचा अंगावर टेकवायचा भाग) ठेवून बघावी लागते, त्यासाठी बाळाची मान मागे करावी लागते, आणि बाळ रडलं की चित्र गेलंच. अरुंदपणा आहे, हे इको सांगतो. तो किती लांबीचा आहे, कमानीचा किती भाग बारीक आहे, रक्ताने आजूबाजूने कुठले आडमार्ग काढलेत, हे शस्त्रक्रियेआधी सर्जनला हवं असतं आणि ते सीटीत दिसतं. फुप्फुसाच्या धमन्यांच्या फांद्या, फुप्फुसाकडून भलतीकडे जाणाऱ्या शिरा, श्वासनलिकेला वेढा घालणाऱ्या रक्तवाहिन्या यांचंही तसंच. उलट, झडप किती गळते, पडद्याच्या दोन बाजूंच्या दाबात किती फरक आहे, हे सीटी सांगत नाही. त्यासाठी परत इकोच.

रेडिएशनची काळजी रास्त आहे. लहान मुलांसाठी बेतलेल्या सेटिंगवर, आजच्या चांगल्या मशीनवर हृदयाच्या सीटीचा डोस साधारण १ मिलिसिव्हर्ट किंवा त्याहून कमी ठेवता येतो. जमिनीतून, हवेतून, अवकाशातून माणसाला निसर्गतःच वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळत असतात. पण मोठ्या माणसांची सेटिंग तशीच ठेवून बाळाचा सीटी केला तर डोस कितीतरी पटींनी वाढतो. मोठ्यांना १२० किलोव्होल्ट वापरतात, बाळाला ७० किंवा ८० पुरतात. म्हणून सेंटरवर जाण्याआधी फोनवरच विचारा: इथे तान्ह्या मुलांच्या हृदयाचे सीटी नेहमी होतात का, लहान मुलांची वेगळी सेटिंग आहे का, आणि स्कॅन ईसीजीशी जोडून करणार का. शेवटचं अशासाठी, की बाळाचं हृदय मिनिटाला १३०–१५० वेळा उडतं. ठोक्याच्या नेमक्या क्षणी चित्र टिपलं नाही तर हृदयाजवळच्या बारीक गोष्टी फोटो हलल्यासारख्या दिसतात.

आता प्रत्यक्ष काय होतं ते. आयोडिनयुक्त औषध शिरेतून देतात, किलोमागे १ ते २ मिलिलिटर. म्हणजे तुमच्या नातवाला फार तर १० मिलिलिटर, दोन चमचे. ते देण्याआधी क्रिॲटिनिनची तपासणी करून मूत्रपिंड ठीक असल्याची खात्री करून घेतात. सुई कुठे लावलीय हे महत्त्वाचं असतं. डाव्या हातातून औषध दिलं तर ते ज्या शिरेतून हृदयाकडे येतं ती शीर कमानीच्या फांद्यांच्या पुढून आडवी जाते. घट्ट औषधाचे पांढरे फटकारे उमटतात आणि नेमकी हवी ती जागा झाकली जाते. म्हणून कमान बघायची असेल तर उजवा हात किंवा पाय बरा. वॉर्डात आधीच डाव्या हाताला सुई असेल तर ‘हीच चालेल का?’ असं विचारण्यात काही गैर नाही. चित्र टिपायला काही सेकंदच लागतात. तयारीला अर्धा-पाऊण तास जातो.

झोपेचं किंवा भुलीचं औषध द्यायचं असेल तर उपाशीपोटाचं गणित सहसा असं असतं: अंगावरचं दूध ४ तास आधी बंद, वरचं दूध ६ तास आधी, साधं पाणी २ तास आधी. बाळ पुरेसं लहान असेल तर काही ठिकाणी भूल न देता, पोटभर पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून झोपेतच स्कॅन उरकतात. तेव्हा उपाशी ठेवायचं की पाजून आणायचं हे आदल्या दिवशीच विचारून घ्या. इथल्या गोंधळामुळेच बऱ्याच तारखा पुढे जातात. आणि एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. झोपेचं सिरप घरी पाजून निघू नका. गाडीत मांडीवर मान पुढे कलंडली की गुंगीतल्या बाळाचा श्वास अडतो आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. हे औषध सेंटरवर, ऑक्सिजन आणि पल्स ऑक्सिमीटर शेजारी असतानाच द्यायचं.

जाता जाता : महाधमनी अरुंद असल्याचा पहिला संशय मशीनशिवायही येतो. दोन्ही जांघांमधली नाडी बोटाने लागते का, आणि हाताचा रक्तदाब पायापेक्षा २० मिलिमीटरने (पाऱ्याच्या) किंवा त्याहून जास्त आहे का, हे लसीकरणाच्या भेटीत तपासून घेता येतं. प्रत्येक तान्ह्या बाळाची जांघेतली नाडी बघितली जावी, असं आम्हाला मनापासून वाटतं.

प्रश्न : आमचं लग्न नात्यात, आतेभावाशी झालं आहे. पहिल्या बाळाच्या हृदयात दोष होता. आता चौथा महिना चालू आहे. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी नॉर्मल आली तर पुरे, की पोटातल्या बाळाचा इको वेगळा करायचा? (जत)

ताई, तुमच्या बाबतीत वेगळा इको करायलाच हवा. एका बाळाला दोष असेल तर पुढच्या बाळाला तो असण्याची शक्यता साधारणपणे शंभरात २–३ असते, नात्यातल्या लग्नाने ती आणखी वाढते. तरीही शंभरातली नव्वदहून कितीतरी अधिक बाळं ठीकच असतात, हेही लक्षात असू द्या.

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत हृदय पाहतातच. पण फक्त चार कप्प्यांचं चित्र घेऊन ‘हृदय नॉर्मल’ लिहिलं असेल तर मोठे दोष निसटू शकतात. दोन मोठ्या धमन्यांची अदलाबदल झालेली असते तेव्हा चारही कप्पे अगदी व्यवस्थित दिसतात, कारण घोटाळा कप्प्यांतून बाहेर पडणाऱ्या नळ्यांत असतो. म्हणून रिपोर्टमध्ये दोन्ही कप्प्यांतून निघणाऱ्या धमन्या आणि त्यांच्या वरचं तीन रक्तवाहिन्यांचं चित्र बघितल्याची नोंद आहे का, ते पाहा. पोटातल्या बाळाचा इको म्हणजे हीच तपासणी, पण हृदयावरच तासभर थांबून केलेली: कुठली शीर कुठे येते, झडपा कशा उघडतात, रक्त कुठल्या दिशेने वाहतं, ठोक्यांची लय कशी आहे.

तो १८ ते २४ आठवड्यांत करतात. तुम्ही विसाव्या आठवड्याच्या आसपासची तारीख घ्या, चोविसावा गाठू नका. जतहून मिरज-सांगली गाठायची, बाळ पाठ पुढे करून वळलेलं असलं किंवा आईच्या पोटावर चरबी जास्त असली की चित्र धूसर येतं आणि आठवड्याने परत यावं लागतं. काही गंभीर निघालंच तर दुसरं मत घ्यायला आणि विचार करायला दिवस हातात हवेत. २०२१च्या दुरुस्तीनंतर कायद्यातली २४ आठवड्यांची मर्यादा ओलांडल्यावर बाळातल्या गंभीर दोषासाठी निर्णय वैद्यकीय मंडळाकडे जातो. येताना ओळखपत्र आणा. १९९४च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याप्रमाणे ‘एफ’ नमुना भरल्याशिवाय ही तपासणी होत नाही.

पोटात असताना न दिसणाऱ्या गोष्टीही आहेत. पडद्यातलं बारीक छिद्र निसटतं. वरच्या दोन कप्प्यांमधली खिडकी आणि दोन धमन्यांना जोडणारी नळी प्रत्येकच गर्भात उघडी असते, त्यामुळे ती जन्मानंतर बंद होईल की नाही हे आधी सांगता येत नाही. गर्भातला इको चांगला आला तरी जन्मानंतर बाळरोगतज्ज्ञांना पहिल्या बाळाची फाइल दाखवा. आणि गंभीर दोष दिसलाच तर बाळंतपण माहेरी की सासरी हा विचार बाजूला ठेवून, जिथे नवजात बाळाच्या हृदयाची काळजी घेणारी माणसं आहेत तिथे करा. जन्मानंतरचे पहिले काही तास प्रवासात जाणं आणि उपचारात जाणं यांत फार मोठा फरक पडतो.

प्रश्न : इकोच्या चित्रात लाल आणि निळं रक्त दिसलं. निळं म्हणजे अशुद्ध रक्त ना? शिवाय रिपोर्टमध्ये छिद्रापाशी ‘ग्रेडियंट ६४’ असा मोठा आकडा आहे, त्याची भीती वाटते. (तासगाव)

या रंगांचा रक्ताच्या शुद्धतेशी काहीच संबंध नाही. प्रोबच्या दिशेने येणारं रक्त मशीन लाल दाखवतं, दूर जाणारं निळं. प्रोब दुसऱ्या बाजूला ठेवला की तेच रक्त रंग बदलतं. लाल-निळ्याची सरमिसळ, पिवळे-हिरवे ठिपके दिसले तर तिथे रक्त जोरात, खळाळत जातंय एवढं कळतं.

६४ चं गणित सोपं आहे. छिद्रातून जाणाऱ्या रक्ताचा वेग मशीन मोजतं. तो सेकंदाला ४ मीटर निघाला, तर ४ चा वर्ग १६, त्याला पुन्हा ४ ने गुणलं की ६४. म्हणजे खालच्या दोन कप्प्यांच्या दाबात ६४ मिलिमीटरचा फरक आहे. खालच्या पडद्यातल्या छिद्राच्या बाबतीत मोठा आकडा बहुधा चांगला असतो: छिद्र लहान आहे, डाव्या बाजूचा दाब उजवीकडे पोचत नाही. नळाच्या तोंडावर बोट ठेवलं की पाणी जोरात उडतं, तसं. छिद्र मोठं असून आकडा लहान असेल तर जास्त काळजी, कारण फुप्फुसांवर दाब चढलेला असतो. मात्र हाच ६४ अरुंद झडपेपाशी लिहिलेला असेल तर अर्थ उलटा होतो, अडथळा मोठा आहे. आकडा कुठल्या जागेचा आहे हे पाहिल्याशिवाय त्यावरून काही ठरवू नका.

प्रश्न : मी आरोग्यसेविका आहे. आमच्याकडे नवजात बाळांची पल्स ऑक्सिमीटरने तपासणी सुरू करायची आहे. नेमकी पद्धत काय? (दहिवडी)

फार चांगलं पाऊल आहे हे. ऑक्सिजन ८५–९० च्या घरात असलेलं बाळ डोळ्यांना गुलाबीच दिसू शकतं, रक्त कमी असेल तर अधिकच. यंत्र मात्र ते पकडतं.

जन्मानंतर २४ तास झाले की तपासा. त्याआधी केलं तर चांगल्या बाळाचेही आकडे कमी येतात आणि उगाच धावपळ होते. आई लवकर घरी जाणार असेल तर निघण्यापूर्वी, जितकं उशिरा जमेल तितकं. दोन जागा: उजवा हात आणि कोणताही एक पाय. उजवाच हात का, तर त्या हाताची रक्तवाहिनी महाधमनीतून अगदी आधी फुटते. दोन धमन्यांना जोडणारी नळी पुढे लागते. त्या नळीतून कमी ऑक्सिजनचं रक्त मिसळत असेल तर पायाचा आकडा पडतो, उजव्या हाताचा नाही. डावा हात घेतला तर हा फरक झाकला जाऊ शकतो.

मोठ्यांच्या बोटाची चिमटी बाळाला लावू नका. गुंडाळायचा नवजात सेन्सर हवा. त्यातला दिवा आणि त्याचा प्रकाश झेलणारी बाजू तळहाताच्या, तळपायाच्या दोन्ही अंगांना समोरासमोर यायला हवीत. ती तिरकी बसली की आकडा खोटा येतो. पाय गार असेल तर आधी चोळून, गुंडाळून ऊबदार करा. काविळीच्या दिव्याखालचं बाळ असेल तर दिवा बंद करा किंवा सेन्सरवर कापड टाका. बाळ शांत असताना, पडद्यावरची लाट एकसारखी झाल्यावर आणि नाडीचा आकडा स्थिर झाल्यावरच नोंद घ्या. पहिला चमकलेला आकडा लिहून मोकळं होणं, इथेच सगळ्यात जास्त चुका होतात.

दोन्हीकडे ९५ किंवा जास्त आणि दोन्हींतला फरक ३ च्या आत, तर ठीक. कुठेही ९० च्या खाली आलं तर वाट बघायची नाही, लगेच डॉक्टर. मधलं काही असेल तर तासाभराने पुन्हा मोजा, तरी तसंच राहिलं तर बाळरोगतज्ज्ञ आणि इको. आकडा कमी येण्यामागे न्यूमोनिया किंवा जंतुसंसर्गही असू शकतो, आणि तो लवकर सापडणं हाही फायदाच. पण ‘पास’ झालं म्हणजे हृदय निर्दोष, असं आईला सांगू नका. पडद्यातली छिद्रं आणि बऱ्याचदा अरुंद महाधमनी यात सापडत नाहीत.

दोष नळीवर अवलंबून असेल तर डॉक्टर प्रोस्टाग्लँडिनचं ठिबक सुरू करतात, नळी उघडी राहावी म्हणून. या औषधाने बाळाचा श्वास मध्येच थांबू शकतो. त्यामुळे पुण्याकडे हलवताना रुग्णवाहिकेत श्वास देऊ शकणारा माणूस, पिशवी आणि मास्क हातात घेऊन हवा. खंबाटकीत गाडी अडकली की ठिबक किती वेळ पुरेल, पंपाची बॅटरी किती आहे, हे निघण्यापूर्वी पाहिलं जायला हवं.

अंगणवाडी आणि शाळांमध्ये येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाकडेही संशयित मुलांची नावं द्या. २०१३पासून चालू असलेल्या या कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना पुढच्या तपासणीसाठी पाठवता येतं.

प्रश्न : दुसरं मत घ्यायला सीटीच्या फिल्मचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवले, तर डॉक्टर म्हणाले यावरून सांगता येणार नाही. मग पाठवायचं काय? (विटा)

फिल्मवर निवडक ३०–४० चित्रं छापलेली असतात. मूळ स्कॅनमध्ये अर्ध्या-पाऊण मिलिमीटर जाडीचे शेकडो काप असतात. डॉक्टर ते संगणकावर वरखाली सरकवतात, तिरके कापतात, उजेड कमीजास्त करतात. फिल्मचा मोबाइलने काढलेला फोटो, त्यावर खिडकीचं प्रतिबिंब, वर व्हॉट्सॲपने दाबून लहान केलेला. त्यात २ मिलिमीटरची रक्तवाहिनी शोधायची कशी?

सेंटरवर ‘डायकॉम डेटा द्या’ असं सांगा (म्हणजे स्कॅनची मूळ चित्रं, संगणकाच्या फाइलमध्ये), सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर. सीटीच्या एका चित्राचा आकार साधारण अर्धा एमबी असतो, त्यामुळे हजार चित्रांना ५०० एमबी लागतात. सीडीवर ४–५ एमबीच असतील तर त्यात नुसता रिपोर्ट किंवा साधे फोटो आहेत, काउंटरवरून हलण्याआधीच तपासा. कॉपी करताना सगळी सीडी जशीच्या तशी घ्या. ‘डायकॉमडिर’ नावाची छोटी फाइल आणि बाकीचे फोल्डर एकमेकांवर अवलंबून असतात, त्यातलं एखादंच उचललं की दुसरीकडे उघडत नाही. पाठवायचं तर सगळ्याची एक झिप करून क्लाउडवर चढवा आणि त्याची लिंक द्या, ती फक्त त्या डॉक्टरांपुरती उघडेल अशी ठेवा. इकोचंही असंच: छापलेला कागद नको, हलती चित्रं हवीत, आणि त्यावर रंगाशिवायची व रंगासहितची दोन्ही असावीत. सीडीवर ओरखडे पडतात, हल्लीच्या लॅपटॉपमध्ये ती घालायला जागाही नसते. त्याच आठवड्यात दोन ठिकाणी कॉपी करून ठेवा.

आभाचा (आयुष्मान भारत आरोग्य खात्याचा) १४ अंकी क्रमांक मुलाच्या नावाने काढून घेतला तर रिपोर्ट त्याला जोडता येतात. पण तो क्रमांक म्हणजे चित्रं ठेवायचं कपाट नव्हे. दवाखान्याने तुमचा कागद त्याला जोडला तरच तो तिथे दिसतो, आणि पाचशे एमबीचा स्कॅन तिथे असेल अशी खात्री धरू नका. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया करायची असेल तर मंजुरीसाठी रिपोर्ट आणि चित्रं अपलोड करावी लागतात. मुलाचं नाव, वय सगळीकडे एकसारखं असू द्या. रिपोर्टवर नुसतं ‘अमक्याचं बाळ’ आणि रेशनकार्डावर वेगळं नाव असेल तर आरोग्यमित्राला आधीच सांगा, नाहीतर फाइल अडकते.

प्रश्न : मुलगी १७ वर्षांची आहे. दीड वर्षाची असताना टेट्रालॉजी ऑफ फॅलोची (हृदयात चार दोष एकत्र असतात त्याची) शस्त्रक्रिया झाली. आता तिला काहीच त्रास नाही, सायकलवर कॉलेजला जाते. तरी एमआरआय सांगितलाय. छातीच्या हाडाला तारा आहेत, त्या चालतील का? (कराड)

तारा चालतात. त्या स्टीलच्या असतात, हाडात पक्क्या बसलेल्या असतात, त्यांच्याजवळ चित्रात थोडा काळा डाग पडतो एवढंच. छिद्र बंद करण्याच्या नेहमीच्या बटणांनाही सहसा अडचण येत नाही. पेसमेकर असेल तर मात्र त्याचं कार्ड आधी दाखवावं लागतं.

त्रास नसताना एमआरआय का, हे समजून घेणं महत्त्वाचं आहे. या शस्त्रक्रियेत फुप्फुसाकडे जाणारा अरुंद मार्ग मोकळा करतात, त्यात बऱ्याचदा झडप गळकी राहते. उजवा कप्पा वर्षानुवर्षं ते जास्तीचं रक्त झेलत फुगत जातो आणि तक्रार करत नाही. धाप लागायला लागते तोवर कप्पा इतका ताणलेला असतो की नवी झडप बसवूनही पहिल्यासारखा आकसत नाही. योग्य वेळ गाठायची तर कप्प्याचा आकार मोजत राहावा लागतो. उजवा कप्पा वेड्यावाकड्या आकाराचा, छातीच्या हाडाला चिकटलेला, त्यामुळे इको इथे कमी पडतो. एमआरआय त्याचे काप घेऊन मिलिलिटरमध्ये माप देतो आणि शेकडा किती रक्त मागे गळतं तेही सांगतो, रेडिएशनशिवाय.

एक गोष्ट तुमच्या हातात आहे. हे माप शरीराच्या आकाराने भागतात आणि चौरस मीटरमागे १५०–१६० मिलिलिटरच्या पुढे गेलं की झडपेचा विचार गंभीरपणे सुरू होतो. समजा कप्पा २१० मिलिलिटरचा, उंची १५० सेंटिमीटर, वजन ४५ किलो. शरीराचं क्षेत्रफळ १.३७ चौरस मीटर येतं आणि माप १५३. फॉर्मवर कुणी चुकून ४५ चे ५४ लिहिले तर क्षेत्रफळ १.५ होतं आणि तेच माप १४० दिसतं. हृदय तेच, मुलगी तीच, पण ‘अजून थांबू’ असा निर्णय होऊ शकतो. त्या दिवशी उंची-वजन तिथेच मोजायला सांगा, विचारून लिहू देऊ नका.

पाऊण ते एक तास आत पडून राहावं लागतं. आवाज मोठा असतो, कानात बोळे देतात, आणि ‘श्वास सोडा, धरा’ असं दर थोड्या वेळाने सांगतात. दहा-बारा सेकंद श्वास धरायचा सराव आठवडाभर घरी करून घेतला तर चित्रं पुष्कळ चांगली येतात. पुढच्या वेळी शक्यतो त्याच सेंटरवर करा, म्हणजे तुलना खरी होते.

प्रश्न : हृदयाचं थ्रीडी प्रिंट काढून शस्त्रक्रिया करतात म्हणे. आमच्या मुलाच्या वरच्या पडद्याला छिद्र आहे, त्याचं काढावं का? (फलटण)

गरज नाही. अशा छिद्रासाठी इको पुरतो. बटण बसवायचं असेल तर कडेला सगळीकडे साधारण ५ मिलिमीटर काठ आहे का ते अन्ननलिकेतून केलेल्या इकोत बघतात.

प्रिंट उपयोगी पडतं ते गुंतागुंतीच्या रचनेत. उदाहरणार्थ, दोन्ही धमन्या उजव्याच कप्प्यातून निघतात तेव्हा पडद्यातल्या छिद्रापासून महाधमनीपर्यंत आतून बोगदा बांधता येईल का, हे सर्जनला ठरवायचं असतं. त्यासाठी सीटी किंवा एमआरआयच्या कापांतून रक्ताची जागा आणि भिंत संगणकावर वेगळी करतात, अनुभवी माणसालाही याला काही तास लागतात, मग प्रिंटर थर चढवत जातो. स्कॅनच धूसर असेल तर प्रिंट सुबक दिसतं पण चुकीचं असतं, हा त्यातला मोठा धोका. भलतीकडेच छिद्र दिसतं किंवा असलेलं बुजलेलं दिसतं. झडपांची पातळ पानं त्यात नीट उतरत नाहीत आणि हृदय धडधडतंही नाही, ठोक्यातला एकच क्षण गोठलेला असतो. पडद्यावर किंवा चष्मा लावून हेच त्रिमितीत बघण्याची सोयही आता आहे, आणि बऱ्याच वेळा तेवढं पुरतं.

प्रश्न : बाळाची शंटची (फुप्फुसांकडे रक्त नेणारी नळी बसवण्याची) शस्त्रक्रिया झाली, पुढची काही महिन्यांनी आहे. घरी पल्स ऑक्सिमीटर दिलाय. दवाखान्यात ८२ होतं, घरी ८० दाखवतंय. यंत्र बिघडलं का? (महाबळेश्वर)

बिघडलं असेलच असं नाही. तुम्ही १,३५० मीटर उंचीवर आहात, तिथे हवा विरळ असते आणि आकडा थोडा उतरू शकतो. घरी पोचल्यावर पहिले दोन-तीन दिवस बाळ शांत असताना सकाळ-संध्याकाळ मोजा, ते आकडे डॉक्टरांना कळवा आणि ‘घरचा नेहमीचा आकडा’ ठरवून घ्या. पुढची तुलना त्याच्याशी. शंट झालेल्या बाळांत ७५ ते ८५ हा साधारण अपेक्षित पट्टा असतो. ९५ करायच्या नादात घरी ऑक्सिजन लावू नका, फुप्फुसांकडे जास्त रक्त जाऊन उलटा त्रास होतो. सतत ९० च्या वर दिसलं तरीही कळवायचं, ७५ च्या खाली आलं तर ताबडतोब.

ऑक्सिमीटरइतकाच वजनकाटा महत्त्वाचा. १० ग्रॅमचा फरक दाखवणारा हवा. रोज एकाच वेळी, पाजण्याआधी, कपडे आणि लंगोट काढून. तीन दिवसांत २० ग्रॅमही वाढलं नाही किंवा एका दिवसात ३० ग्रॅम उतरलं, तर आकडा कितीही चांगला असो, फोन करा. दूध किती मिलिलिटर गेलं तेही लिहा. दिवसभरात किलोमागे १०० मिलिलिटरपेक्षा कमी जात असेल तर तेही सांगायचं.

शंटची नळी ३.५ ते ४ मिलिमीटरची असते. जुलाब, उलट्या, ताप यांनी अंगातलं पाणी कमी झालं की रक्त घट्ट होतं आणि त्या नळीत गुठळी होऊ शकते. म्हणून इतर बाळांना ‘संध्याकाळपर्यंत बघू’ म्हणतो तसं इथे म्हणायचं नाही. ॲस्पिरिनचा डोस स्वतःहून बंद करायचा नाही. पावसाळ्यात घाटात झाडं पडतात, वीज जाते, रेंज जाते. त्या दिवसांत वाईला किंवा साताऱ्याला नातेवाइकांकडे राहायची सोय होत असेल तर जरूर करा. आणि फोन लागला की हे चार आकडे आधी सांगा: आत्ताचा ऑक्सिजन, आजचं वजन, सकाळपासून गेलेलं दूध, आणि शेवटची शू किती वाजता केली.